कथा किती लांब, कादंबरी किती जाड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आमचा एक छोटा वाचकगट आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, एका पुस्तकावर दोन तास बोलायचं, चहा घ्यायचा आणि उठायचं. निरोपानिरोपीचं काम माझ्याकडे असल्यामुळे प्रश्नही माझ्याकडेच येतात. त्यातले निम्मे फिरून लांबीवर येतात: हे फार मोठं आहे, ते फार लवकर संपलं, मधलं आठवत नाही, एवढं जाड कोण वाचणार. दर वेळी तेच उत्तर टंकण्याचा कंटाळा आला, म्हणून इथं एकदाच लिहून ठेवते. प्रश्न ज्यांनी ज्या शब्दांत विचारले, तसेच ठेवले आहेत.

१. किती पानं झाली की कथेची कादंबरी होते?

पानं मोजून हे ठरत नाही. एकच मजकूर बारीक टाइपात दाटीवाटीनं बसवला तर दीडशे पानांत आटपतो. टाइप मोठा, समास रुंद आणि प्रत्येक प्रकरण नव्या पानावर घेतलं की तोच सव्वादोनशेला जातो. शब्द मोजणं त्यातल्या त्यात बरं. ह्यूगो आणि नेब्युला या विज्ञानकथांच्या पुरस्कारांनी तशी मापंच ठरवून टाकली आहेत: ७,५०० शब्दांच्या आत लघुकथा, तिथून १७,५०० पर्यंत नॉव्हेलेट, ४०,००० पर्यंत नॉव्हेला आणि त्यापुढे कादंबरी. पुरस्कार द्यायचा तर कुठंतरी रेघ मारावी लागते, म्हणून ती मारली आहे.

मराठीत कथा, दीर्घकथा, लघुकादंबरी, कादंबरी असे चार शब्द रोजच्या वापरात आहेत, पण त्यांच्यामध्ये अशी रेघ नाही. मी बैठका मोजते. एकदा बसलं आणि संपवूनच उठलं, तर ती कथा. सुटीचा एखादा दिवस तिच्यात गेला, मध्ये जेवायला उठावं लागलं, तर दीर्घकथा किंवा लघुकादंबरी. आणि जिच्यासाठी रात्री दिवा मालवून झोपावं लागतं, सकाळी कामाला जावं लागतं आणि परत तिच्याकडे यावं लागतं, ती कादंबरी. कथा उभ्याउभ्या येऊन जाते, कादंबरी मुक्कामाला येते. पुढची बहुतेक उत्तरं या बैठकीच्या हिशेबावरच आहेत.

२. मग इंग्रजीतली शब्दमर्यादाच मराठीला लावली तर काय बिघडतं?

मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. ‘घराबाहेरच्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत त्याला पाच-सहा शब्द लागतात. त्यामुळे ४०,००० मराठी शब्दांत इंग्रजीतल्या तेवढ्याच शब्दांपेक्षा बराच जास्त ऐवज मावतो. कथास्पर्धा भरवणारे बाहेरचा आकडा तसाच उचलतात, तेव्हा स्पर्धकांना त्यांना वाटतं त्यापेक्षा ऐसपैस जागा मिळालेली असते.

३. एका बैठकीत वाचलं काय किंवा चार बैठकांत वाचलं काय, मजकूर तोच ना?

मजकूर तोच असतो, पण मध्ये आपलं घर येतं.

एडगर ॲलन पो यांनी १८४२ मध्ये नाथानिएल हॉथॉर्न यांच्या कथांवर लिहिताना हा मुद्दा मांडला. अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत वाचून होईल अशी कथा असली, तर तेवढा वेळ वाचक पूर्णपणे लेखकाच्या ताब्यात असतो. मध्ये उठावं लागलं की जगातल्या इतर गोष्टी आत शिरतात आणि परिणाम पातळ होतो. पो स्वतः कथाकार होते, तेव्हा ते आपल्या मालाची बाजू घेणारच. तरी निरीक्षण खरं आहे, आणि ते घरच्या घरी तपासता येतं. वीस पानांची एखादी कथा घ्या आणि बाराव्या पानावर मुद्दाम थांबा. दूध तापवा, फोन घ्या, मग परत बसा. बाराव्या पानापर्यंत जो ताण साचला होता तो गेलेला असतो. माणसं तीच, पण आता ती जरा लांब उभी दिसतात.

कादंबरीला पो यांनी दोष दिला तो याच कारणानं, आणि तिथं मात्र मला त्यांचं पटत नाही. उठून गेल्यावरही कादंबरी चालूच राहते. भाजी निवडताना तिच्यातली सासू आठवते. रविवार कारंज्यावर सिग्नलला उभं असताना एकदम कळतं की त्या माणसानं पत्र का फाडलं. मधले हे तासही वाचनातच धरायचे. लेखकानं ते लिहिलेले नसतात, पण चांगल्या कादंबरीकारानं ते हिशेबात धरलेले असतात.

४. कथासंग्रह मी कादंबरीसारखा सलग वाचते आणि शेवटी सगळं एकमेकांत कालवलं जातं. चूक कुठं होते?

सलग वाचण्यातच. संग्रहाला एक बांधणी असते, एक मुखपृष्ठ असतं, म्हणून हात आपोआप पुढचं पान उलटतो. पण त्या बारा कथा बहुधा बारा वेगवेगळ्या अंकांसाठी, कधीकधी दहा-पंधरा वर्षांच्या अंतरानं लिहिलेल्या असतात. एकीचा शेवट अजून कानात वाजत असतो तोवर दुसरीतलं पहिलं वाक्य सुरू होतं, आणि दोघींचंही नुकसान होतं.

आपल्या नाशिकच्याच बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३ चा संग्रह आमच्या गटात घेतला होता. शीर्षककथा संपल्यावर लगेच दुसरी सुरू करता येते असं म्हणणारं त्या दिवशी कुणी भेटलं नाही. दोघी जणींनी पुस्तक आठवडाभर बाजूलाच ठेवलं होतं. हा त्या कथेचा आवाका आहे, आणि तो पानांत दिसत नाही.

माझी पद्धत साधी आहे: दिवसाला एक कथा, फार तर सकाळी एक आणि रात्री एक. वाचून झाली की अनुक्रमणिकेत तिच्या नावापुढे पेन्सिलनं एक शब्द लिहायचा. ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर चिठ्ठीवर.

५. जाड कादंबरीची पहिली पन्नास पानं इतकी जड का जातात?

कारण तिथं तुम्ही नवं घर लावत असता. कोण कुणाचा कोण, वाडा कुठं, नदी कोणत्या बाजूला, धाकटी जाऊ म्हणजे नेमकी कोण. ही मेहनत कथेतही करावी लागते, पण कथेत दोन माणसं आणि एक खोली असते, ती पानभरात लागून जाते. कादंबरीत तीस माणसं आणि साठ वर्षं असू शकतात.

पन्नास पानांचा हा खर्च पुढच्या पाचशे पानांवर वाटला जातो, हा कादंबरीचा फायदा. म्हणून पहिल्या पन्नास पानांचं काम निम्म्या-निम्म्या तासाच्या तुकड्यांत करू नका. एखाद्या शनिवारी दुपारी सलग दोन तास काढा आणि एकदम सत्तर पानं पार करा. नंतर रोज दहा पानं वाचली तरी भागतं. आमच्याकडे अर्ध्यावर सुटलेल्या बहुतेक कादंबऱ्या पान तीस ते साठच्या दरम्यान सुटल्या आहेत. चारशेव्या पानावर कंटाळून सोडली असं सांगणारे क्वचित भेटतात. तिथं जी सुटते तिचं कारण बहुधा वेगळं असतं (प्रश्न १४ पाहा).

६. ताई, मी रोज पंचवटीनं मुंबईला जातो. जाताना काय वाचू आणि येताना काय?

हा प्रश्न पंचवटी एक्सप्रेसच्या तीन वेगवेगळ्या पासधारकांनी विचारला आहे. नाशिकरोडहून मुंबईपर्यंत साडेतीन तासांच्या वर जातात, म्हणजे वेळ भरपूर आहे. अडचण आहे ती शुद्धीची. सकाळी इगतपुरीपर्यंत अर्धा डबा झोपेत असतो. पुढे कसाऱ्याचा घाट, बोगदे, डोळ्यांसमोर उजेड-अंधार. कल्याण आलं की उतरायची गडबड. येताना सगळे दमलेले.

बहुतेकांना वाटतं, दमलेलं असताना छोटं काहीतरी वाचावं. माझा अनुभव उलट आहे. प्रत्येक कथा नव्यानं ओळख करून घ्यायला लावते, आणि दमलेल्या माणसाला नव्या ओळखी नको असतात. चालू कादंबरी संध्याकाळी हातात घेतली की माणसं ओळखीची असतात, घर लागलेलं असतं, नुसतं आत जाऊन बसायचं. तेव्हा येताना कादंबरी घ्या. जाताना, झोप झाल्यावर, घाट उतरला की एक कथा. कसारा ते कल्याण यात वीस-पंचवीस पानांची कथा आरामात बसते आणि उतरण्याआधी थोडा वेळ खिडकीबाहेर बघायलाही उरतो. तो वेळ ठेवाच.

सिटीलिंकच्या बसमध्ये उभ्यानं प्रवास करणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला नाही. एका हातानं दांडा धरून जाड पुस्तक वाचता येत नाही, हा लांबीचा अगदी शब्दशः तोटा आहे.

७. कथेत एक शब्दही जास्तीचा नको, कादंबरीत मात्र खपून जातं. असं खरंच आहे का?

यावर माझ्याकडे दोन फाटकी पुस्तकं आहेत, तीच सांगते.

पहिलं एका ग्रंथालयातून आणलेला कथासंग्रह. त्यातल्या चौथ्या कथेचं शेवटचं पान कुणीतरी फाडलेलं. बाई दारापर्यंत आलेली आहे, बाहेर कोण उभं आहे हे तिला कळलेलं आहे, कडीवर हात आहे, आणि पान संपतं. एवढं एक पान नसल्यामुळे आधीची सतरा पानं वाया गेली. तिनं दार उघडलं असेल तर ती एक कथा, नसेल उघडलं तर दुसरी. मी तीन जणींना फोन केले, कुणाकडेच ते पुस्तक नव्हतं.

दुसरी पाचशे पानांची कादंबरी, विकत घेतलेली. बांधणीत एक फॉर्म राहून गेला होता. पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फॉर्मनी शिवतात, त्यामुळे पान १७६ नंतर एकदम १९३ आलं. मला ते कळलंच नाही! मी दोनशेव्या पानापर्यंत वाचत गेले. तिथं कुणीतरी ‘मामा गेल्यापासून’ म्हणालं, तेव्हा मी दचकले. आधी वाटलं, आपलंच लक्ष नव्हतं. मग आकडे पाहिले.

नंतर चांगली प्रत मिळवून ती सोळा पानं वाचली. त्यात एक लग्न होतं, दोन पत्रं होती आणि मामांचं मरण होतं. तेवढं गळूनही कादंबरी चालत राहिली होती, म्हणजे तुमचं म्हणणं खरं ठरतं. पण मामांसाठी मला पुढे कुठंच वाईट वाटलं नव्हतं. ते गेल्याची फक्त बातमी माझ्यापर्यंत आली होती. कादंबरीतून सोळा पानं काढली तर गोष्ट मोडत नाही, पण त्या गोष्टीतला एखादा माणूस तुमचा व्हायचा राहून जातो.

८. दीर्घकथा म्हणजे लांबलेली कथा की आटोपलेली कादंबरी?

दोन्ही म्हणणारे आहेत. मी लांबलेली कथा म्हणेन, कारण तिच्यात दोरा एकच असतो. कादंबरीत बाजूची माणसं आपापल्या वाटेनं जाऊ शकतात. दीर्घकथेत बाजूच्या माणसाला वाट मिळाली की ती फुगते.

आपल्याकडे हा आकार टिकला तो दिवाळी अंकांमुळे. ‘मनोरंजन’ मासिकानं १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा धरतात. मासिकाच्या नेहमीच्या अंकात चाळीस-पन्नास पानांच्या मजकुराला जागा मिळणं अवघड. दिवाळीच्या जाड अंकात ती मिळते, आणि वाचकाकडेही चार दिवस सुटी असते. जागा आणि सुटी एकाच वेळी मिळाल्या म्हणून मराठीत दीर्घकथा आणि लघुकादंबरी इतकी लिहिली गेली, असं माझं मत. फराळाचं ताट मांडीवर आणि ‘उरलेला मजकूर पान १४६ वर’ शोधत उलटलेली पानं, हाही तिच्या वाचनाचाच भाग. तीच दीर्घकथा नंतर पुस्तकात वाचली की सरळ वाचता येते, पण थोडी सोवळ्यात बसल्यासारखी वाटते.

९. पूर्वी लोक एवढ्या मोठमोठ्या कादंबऱ्या कशा वाचायचे? त्यांना काय कामं नव्हती?

कामं आपल्यापेक्षा जास्त होती. पण कादंबरी त्यांच्याकडे एकदम येत नव्हती. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून हप्त्याहप्त्यानं आली. वाचकाच्या हातात त्या आठवड्यापुरतीच पानं पडायची. तिच्यातल्या यमूचं पुढे काय झालं हे कळायला पुढचा अंक यावा लागे. मधल्या दिवसांत घराघरांत त्यावर बोलणं व्हायचं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना कुणीतरी वाचून दाखवायचं. आज तीच कादंबरी एका ठोकळ्यासारखी समोर येते आणि आपण घाबरतो.

लांब मजकुराचे रोजचे वाटे करणं आपल्याला नवं नाही. गुरुचरित्राचा सप्ताह बसतो तेव्हा कोणत्या दिवशी कितव्या अध्यायापर्यंत थांबायचं हे ठरलेलं असतं. पोथी आणि कादंबरी एक नव्हे, हे मान्य. पण ‘आजचं एवढंच’ ही शिस्त तीच. आमच्या गटातल्या एक आजी सहाशे पानांची कादंबरी महिन्यात संपवतात ती अशीच: रोज वीस पानं, देवासमोर दिवा लावून झाला की. कितीही रंगात आलं तरी एकविसावं पान उघडत नाहीत. मला ते जमत नाही.

१०. अलक, शतशब्दकथा, सहा शब्दांची कथा: यांना कथा म्हणायचं का?

काहींना म्हणायचं. अलक म्हणजे अति लघु कथा, शतशब्दकथा म्हणजे बरोबर शंभर शब्दांची. फोनवर रोज दहा येतात, त्यांतल्या नऊ विनोदाच्या साच्याच्या असतात. शेवटच्या ओळीत कलाटणी, आणि संपलं. एकदा कळलं की परत वाचाविशी वाटत नाही. माझी कसोटी तीच: कलाटणी माहीत असूनही दुसऱ्यांदा वाचावीशी वाटली तर कथा.

जिच्यात बाळाचे न वापरलेले बूट विकायला काढलेले आहेत, ती सहा शब्दांची इंग्रजी कथा हेमिंग्वे यांच्या नावानं फिरते. ती त्यांची असल्याचा पुरावा नाही. पैजेची गोष्ट तर नंतर जोडलेली. कृपया गटावर परत पाठवू नका.

इतक्या लहान मजकुरात वाचनाचा अनुभव बदलतो तो असा: वाचायला पाच सेकंद लागतात आणि उरलेली कथा तुम्हाला रचावी लागते. म्हणून ती एकामागून एक दहा वाचली तर काहीच उरत नाही. प्रश्न ४ मधलं पथ्य इथं दुपटीनं लागू.

११. विज्ञानकथा बहुतेक छोट्याच का असतात?

‘समजा असं झालं तर’ हा एक प्रश्न त्यांचा कणा असतो, आणि एका प्रश्नाला एक बैठक पुरते. जयंत नारळीकरांची १९७४ ची ‘कृष्णविवर’ ही कथाच होती, आणि ती त्यांनी टोपणनावानं स्पर्धेला पाठवली होती. पुढे ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ अशा कादंबऱ्याही त्यांनी लिहिल्या, तेव्हा नियम म्हणून धरू नका. नारळीकर आपल्या नाशिकच्या २०२१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हापासून हा प्रश्न जास्त येतो.

१२. मुलाला जाड पुस्तक द्यावं की पातळ?

जे तो मागेल ते. मुलांना जाडीची भीती मोठ्यांकडून लागते. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची वीस पुस्तकं आहेत. एकेक पातळ आहे, पण ज्यानं वीसही वाचली त्यानं एक भलीमोठी कादंबरीच वाचली. फक्त त्याला तसं कुणी सांगितलेलं नसतं.

१३. किंडलवर किंवा कानांनी ऐकून लांबी वेगळी वाटते. हा माझा भास आहे का?

भास नाही. छापील पुस्तकात किती उरलं हे उजव्या अंगठ्याला कळत असतं. शेवटची तीस पानं राहिली की आपण नकळत सावध होतो: आता नवं माणूस येणार नाही, आता निस्तरायला घेतलं असणार. पडद्यावर कोपऱ्यात टक्के दिसतात, पण अंगठ्याला काही कळत नाही. त्यामुळे शेवट कधीकधी धाडकन येतो.

यात एक गंमतीचा अपवाद आहे. ज्या कादंबरीच्या शेवटी परिशिष्ट, वंशावळ आणि प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी असते, तिथं अंगठा फसतो. अजून वीस पानं आहेत म्हणून निवांत वाचत असता आणि पान उलटलं की वंशावळ. कथासंग्रहात तर अंगठा कधीच उपयोगी पडत नाही. कथा कुठं संपते हे पुढच्या कथेचं नाव दिसल्यावरच कळतं. कथेचे शेवट जास्त चटका लावतात त्याला हेही एक कारण असावं.

ऐकण्याचं वेगळं. वाचताना वर्णन कंटाळवाणं झालं की डोळा दोन ओळी खाली घसरतो. कानाला तसं घसरता येत नाही. माझ्या वेगानं सहाशे पानांची मराठी कादंबरी पंधरा तासांत वाचून होते. ऐकायला त्याहून जास्त लागतात. पण कथा ऐकण्याची आपल्याला जुनी सवय आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर तिघे व्यासपीठावरून कथाकथन करायचे आणि सभागृहं भरायची. तेव्हा श्रोता आणि कथा एकाच बैठकीत असायचे. आज कानात कादंबरी आणि हातात लाटणं असतं, तेव्हा ‘मला ऐकलेलं आठवत नाही’ ही तक्रार लांबीच्या खात्यावर घालू नका.

१४. शेवटची पन्नास पानं राहिली आणि मी वाचायचीच थांबले. असं कुणाला होतं का?

खूप जणांना होतं. फारच आवडलेल्या कादंबरीच्या बाबतीत होतं. महिनाभर रोज जिथं जात होतो ते घर बंद होणार, हे कळत असतं. कथेच्या बाबतीत असं कधी ऐकलं नाही. दोन पानं राहिली म्हणून कुणी कथा बाजूला ठेवत नाही. यावर उपाय शोधू नका, दोन-चार दिवस तसंच राहू द्या. आठवडा उलटला तर मात्र प्रश्न १७ कडे या.

१५. चार खंडांची मालिका ही एक कादंबरी धरायची की चार?

नेमाड्यांच्या चांगदेव चतुष्टयावरून हा वाद आमच्याकडे एकदा तासभर चालला होता. ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ चारही सुटी निघाली, सुटी वाचता येतात, पण नायक तोच. मी खंडांमधल्या अंतराकडे पाहते. ज्यांनी ती निघाली तशी वाचली, त्यांच्यासाठी मधली वर्षं खरोखरच गेली होती, त्यांचीही आणि चांगदेवचीही. ज्यांनी नंतर पंधरा दिवसांत चारही संपवली, त्यांनी एक कादंबरी वाचली. म्हणजे पुस्तकं तीच, पण बैठकांमधलं अंतर बदललं की उत्तर बदलतं. ज्या आजींचा उल्लेख प्रश्न ९ मध्ये आहे त्यांना हे उत्तर अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते पुस्तकावर जितक्या किमती छापल्या, तितकी पुस्तकं.

१६. ग्रंथालयातून कादंबरी आणली की मुदतीत संपत नाही. कथासंग्रहच आणत जाऊ का?

ज्यांचं सभासदत्व एका वेळी एका पुस्तकाचं आहे त्यांचा हिशेब बरोबर उलटा असतो: एकच मिळणार तर जाड आणू. सावाना, म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय, १८४० पासून नाशिककरांना पुस्तकं देतं आहे, तेव्हा हा हिशेबही तितकाच जुना असणार. मुदत वाढवून मिळते का, हे काउंटरवर विचारायला लाजू नका.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेची पंचवीस पुस्तकांची पेटी आली होती. तिथं दिसलं ते असं की जाड कादंबऱ्या आधी उचलल्या गेल्या आणि उशिरा परत आल्या. कथासंग्रह पेटीतच राहिले, पण जे कुणी नेले ते दोन दिवसांत फिरले. तुम्हाला मुदतीचीच धास्ती असेल तर संग्रह आणा. पण दंड वाचावा म्हणून बारा कथा एका रात्रीत उरकणार असाल, तर कादंबरी आणून दंड भरलेला परवडेल.

१७. दोन वर्षांपूर्वी पान ३१२ वर सोडलेली कादंबरी परत काढली. पहिल्यापासून वाचू की तिथूनच?

पहिल्यापासून सुरू केलं तर पान साठपाशी पुन्हा सुटेल, कारण प्रश्न ५ मध्ये दिलं आहे. थेट ३१२ वरून सुरू केलं तर सगळे परके वाटतील. तुम्ही सोडलेलं प्रकरण जिथं सुरू होतं तिथून घ्या, आणि त्याआधी मागच्या दोन प्रकरणांच्या फक्त पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदांवरून नजर फिरवा. नावं आठवत नसतील तर थांबू नका. बहुतेक नावं चार-पाच पानांत आपोआप परत येतात. जी येत नाहीत ती माणसं बहुधा तेवढी महत्त्वाची नव्हती.

अपवाद दोन. रहस्यकादंबरी पहिल्यापासूनच घ्या, कारण तिथं बिनमहत्त्वाचं नावच महत्त्वाचं निघतं. आणि जिच्यात काळ मागेपुढे होतो, ती कादंबरी निदान पहिल्या प्रकरणापासून चाळून या.

मी स्वतः गेल्या महिन्यात अशी एक काढली. खूण म्हणून आत सिटीलिंकचं तिकीट होतं, निमाणी ते नाशिकरोड, शाई उडालेली. तारीख दिसत नव्हती, पण तेव्हा आम्ही घर बदलत होतो हे तिकीट पाहून आठवलं, आणि पुस्तक का सुटलं तेही. प्रकरणाच्या सुरुवातीपासून घेतलं. धाकट्या भावाचं नाव सहाव्या पानावर आठवलं, वकिलाचं अजून नाही. तिकीट आता पान ३८० वर आहे.